गाडीवरचं रेडियम काढताना

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने मोटारसायकलवरचे स्टिकर काढण्यावर का बोलावं, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतोय. उत्तर पुढे आपोआप मिळेल. आधी विषय नीट समजून घेऊ.

मालवण, देवगड, वेंगुर्ला या पट्ट्यात एमएच ०७ ची जुनी गाडी हातात आली, की तिच्या अंगावर काहीतरी लिहिलेलं असतंच. टाकीवर देवाचं नाव, मडगार्डवर आई-बाबांचा आशीर्वाद, बाजूच्या पॅनेलवर आधीच्या मालकाच्या मुलीचं नाव, कुठल्या तरी निवडणुकीतलं चिन्ह. या सगळ्याला आपल्याकडे एकच शब्द आहे, 'रेडियम'. करून देणारा तो 'रेडियमवाला'. त्यात रेडियम नावालाही नसतं बरं का, असतो तो पीव्हीसीचा पातळ पापुद्रा आणि त्यामागे गोंद. अंधारात चमकणाऱ्या रंगात कधीकाळी खरं रेडियम असे, तेवढं नाव मागे उरलं.

तर हे रेडियम काढायचं आहे. बहुतेक जण काय करतात? नखाने टोक उचलतात, जोरात ओढतात, अर्धं निघतं, अर्धं राहतं. उरलेल्यावर ब्लेड चालवतात, मग थिनर ओततात. संध्याकाळपर्यंत स्टिकर गेलेला असतो आणि त्याबरोबर टाकीचा रंगही गेलेला असतो. पुण्यात हे खपून जाईल कदाचित. आपल्याकडे हवेत मीठ आहे आणि पाऊस ३ हजार मिलिमीटरच्या घरात. रंगाला पत्र्यापर्यंत चीर गेली, की एका पावसाळ्यात तिथे गंज धरतो, आणि तो गंज रंगाच्या खालून पसरत जातो. टाकीला भोक पडलं की त्यातून गळणार ते पेट्रोल.

आता आमचा मूळ मुद्दा. वैशेषिक दर्शनात दोन गोष्टी एकत्र असण्याचे दोन प्रकार वेगळे धरले आहेत. एक संयोग, दुसरा समवाय. संयोग म्हणजे दोन स्वतंत्र वस्तू एकमेकींना लागलेल्या असणं. त्या वेगळ्या करता येतात, आणि वेगळ्या केल्यावर दोन्ही शिल्लक राहतात. समवाय म्हणजे असं एकत्र असणं, की वेगळं करायला गेलात तर वस्तूच मोडते. धागा आणि कापड हे ठरलेलं उदाहरण. गंमत अशी, की प्रशस्तपादाने दिलेल्या चोवीस गुणांच्या यादीत संयोगाइतकाच 'विभाग' हाही स्वतंत्र गुण आहे. वेगळं होणं म्हणजे नुसतं चिकटणं संपणं नव्हे, ती स्वतःच एक घडणारी गोष्ट आहे.

गाडीजवळ बसून पहिला प्रश्न हाच विचारायचा. हा स्टिकर संयोगाने आहे की समवायाने? थट्टा नाही करत आम्ही. अनेक गाड्यांच्या टाकीवरचे कंपनीचे पट्टे आधी चिकटवतात आणि त्यावरून पारदर्शक थर मारतात. गॅरेजमध्ये त्याला 'लॅकर' म्हणतात. सावंतवाडीच्या गंजिफाची पानं पाहिली असतील तुम्ही. चित्र आधी, त्यावर लाखेचा थर. त्या चित्राला हात लावायचा तर लाखेतूनच जावं लागतं. तसंच हे. ओळखायचं कसं? डोळे मिटून स्टिकरच्या कडेवरून नख फिरवा. पायरी लागली तर स्टिकर वर आहे, काढता येईल. पायरी लागलीच नाही तर तो लॅकरखाली आहे. तिथे ना ड्रायर उपयोगाचा, ना तेल. तो काढायचा म्हणजे लॅकर घासून नव्याने रंगकाम करायचं, ते रंगाऱ्याचं काम. काळ्या मडगार्डवर उठावाची अक्षरं असतात, ती तर प्लास्टिकमध्येच ओतलेली असतात. एवढ्या एका तपासणीने निम्मं नुकसान टळतं, असं आमचं मत आहे.

पायरी लागली असं धरू. आता गोंदाकडे या.

आपण घरी वापरतो तो पांढरा गोंद पाणी उडालं की सुकतो आणि घट्ट होतो. स्टिकरचा गोंद कधीच सुकत नाही, सुकला तर तो निकामीच. तो धड द्रव नाही, धड घन नाही. दाबला की पृष्ठभागावरच्या बारीक खाचाखोचांत शिरतो, आणि ओढला की घन असल्यासारखा विरोध करतो. आत शिरून तो इतका जवळ जातो की रेणूरेणूंमधलं क्षीण आकर्षण पुरेसं होतं. पाल भिंतीला धरून राहते ती याच आकर्षणावर, हे २००२ मध्ये प्रयोगांनी दाखवलं गेलं. पालीच्या पायाला गोंद नसतो. बारीक केसांनी ती भिंतीच्या तेवढी जवळ जाते, इतकंच.

आमच्या जुन्या मंडळींनी या दोन्ही बाजूंना नावं दिली होती. पीठ पाण्याने एकत्र येऊन गोळा होतो, त्याचं कारण जो गुण, तो स्नेह. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात त्याची व्याख्या याच अर्थाची आहे. आणि वाहण्याचा गुण म्हणजे द्रवत्व. त्याचे दोन प्रकार: पाण्यात स्वाभाविक, आणि काही पदार्थांत अग्नीच्या संयोगाने येणारं. त्या दुसऱ्या प्रकाराची कणादाच्या सूत्रांतली उदाहरणं कोणती? तूप, लाख आणि मेण. गोंदाचं रसायनशास्त्र त्यांना ठाऊक होतं असं आम्ही मुळीच म्हणत नाही, तसली ओढाताण आम्हाला आवडत नाही. पण ऊब दिल्याने घट्ट वस्तू वाहू लागते, एवढं त्यांनी नीट पाहिलं होतं, आणि आपल्याला इथे तेवढंच हवं आहे.

म्हणून पहिलं साधन ऊब. केस सुकवायचा ड्रायर वीतभर अंतरावरून, सतत हलवत, एकेका भागावर मिनिटभर. तळहात टेकवला तर दोन-तीन सेकंदांत उचलावासा वाटेल इतकं गरम पुरे, म्हणजे साधारण ५० ते ६० अंश सेल्सियस. वैशाख महिन्यात काळ्या टाकीला ड्रायरही लागत नाही, दुपारचं ऊन पुरतं. हीट गन मात्र वापरू नका. तिची हवा कित्येक शे अंशांपर्यंत जाते आणि पॅनेलचं एबीएस प्लास्टिक शंभराच्या आसपासच मऊ पडतं. पॅनेल एकदा वाकलं की पुन्हा सरळ होत नाही.

आता एक बारीक गोष्ट, आणि आमच्या मते आजच्या सगळ्या बोलण्यात तीच महत्त्वाची. असल्या गोंदांच्या बाबतीत ऊब आणि वेळ ही जवळजवळ एकच वस्तू आहे. थंड गोंद सावकाश ओढला तर तो जसा वागतो, तसाच गरम गोंद भराभर ओढल्यावर वागतो. पदार्थविज्ञानात हा मान्य नियम आहे. एक मोजमाप दुसऱ्यात बदलून घेता येतं. याचा व्यवहारातला अर्थ काय? झटका दिला की गोंदाला वाहायला वेळच मिळत नाही, तो दगडासारखा ताठ होतो, आणि सगळा जोर पापुद्र्यावर आणि खालच्या रंगावर येतो. पापुद्रा तुटतो, नाहीतर रंग सुटतो. उलट फारच गरम केलं, फारच रेंगाळलात, तर गोंद इतका पातळ होतो की तो मधोमध फाटतो. अर्धा स्टिकरबरोबर जातो, अर्धा टाकीवर उरतो. म्हणजे मध्यम गती हवी. ती आकड्यात सांगता येत नाही, पण हाताला कळते. पापुद्रा सलग येतोय आणि खाली तारा सुटत नाहीत, हीच ती गती. तारा दिसल्या तर क्षणभर थांबून निवू द्या. पापुद्रा चर्रकन फाटला तर थोडी ऊब वाढवा. आमच्याकडचा जुना मेकॅनिक पोरांना एवढंच म्हणायचा, "घाय कित्याक?" नियम त्याला ठाऊक नव्हता, हात बरोबर होता.

ओढायची दिशाही महत्त्वाची. सरळ वर ओढू नका. उचललेलं टोक मागे दुमडून, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर, स्वतःवरच परत न्या. न ताणणाऱ्या पट्टीसाठीचं सूत्र रिव्हलिन यांनी १९४४ मध्ये मांडलं. त्याप्रमाणे काटकोनात ओढायला जेवढा जोर लागतो, त्याच्या निम्मा जोर पूर्ण मागे दुमडून ओढायला पुरतो. प्रत्यक्षात विनाइल थोडं ताणतं, म्हणून हिशेब इतका नेमका बसत नाही, पण रंगावर येणारा भार कमी होतो हे नक्की.

इथे एक इतिहास सांगायलाच हवा. १९२० च्या दशकात अमेरिकेत दोन रंगांच्या मोटारींची टूम होती. एक रंग मारताना दुसरा झाकायला रंगारी कागद चिकटवायचे आणि तो काढताना खालचा ताजा रंग उचकटून यायचा. त्यांची चिडचिड थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्र्यू या तरुणाने पाहिली आणि १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली. म्हणजे बघा, या पट्टीचा जन्मच मुळी 'चिकटावं, पण रंग न घेता निघावं' या गरजेतून झाला. आपल्या गावातले रंगारी आजही तीच पट्टी वापरतात. रेडियम बनवणाऱ्याचं ध्येय मात्र बरोबर उलटं असतं, त्याला ते कायमचं हवं असतं.

कंपनीचं जाड, उठावाचं चिन्ह असेल तर त्याच्यामागे फोमची दुतोंडी पट्टी असते. तिथे मासे पकडायचा तंगूस काढा. हातभर तंगूस दोन्ही बोटांना गुंडाळायचा, चिन्हामागे घालायचा आणि करवतीसारखा पुढेमागे न्यायचा. फोम कापला जातो, रंगाला काही होत नाही. यासाठी बाजारात वेगळं हत्यार विकत घ्यायची गरज आपल्या किनाऱ्यावर तरी नाही.

हे सगळं करण्याआधी गाडी धुवा, आणि भरपूर पाण्याने धुवा. तारकर्ली-देवबागच्या रस्त्यावर फिरलेल्या गाडीवर वाळू असतेच. वाळूत क्वार्ट्झ असतं, त्याचा कठीणपणा ७, म्हणजे लोखंडाच्या पत्र्यापेक्षाही जास्त. कणकवली तालुक्यातल्या कासार्ड्याला जी सिलिका वाळू काढतात, तीही हेच खनिज. वाळू न धुता फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं.

पापुद्रा गेला, गोंद राहिला. आता प्रत्येक जण विचारतो, "गोंद कशाने निघतो?" प्रश्न चुकीचा आहे. गोंद पुष्कळ गोष्टींनी निघतो. थिनरने निघतो, पेट्रोलने निघतो, नेलपॉलिश काढायच्या द्रवाने निघतो. विचारायचं असं, की खाली जे राहायचं आहे ते कशाने विरघळत नाही? औषध रोगावरून ठरवतातच, पण रोगी कोण आहे हेही आधी पाहतात ना, तसंच.

म्हणून खालच्या वस्तूप्रमाणे सांगतो. टाकीवर कारखान्यातला, भट्टीत भाजलेला रंग असेल तर तो बराच सोसतो. खोबरेल तेल लावून अर्धा तास ठेवा. थंडीच्या पहाटा सोडल्या तर मालवणात खोबरेल पातळच असतं, ते गोठतं २४ अंशांच्या खाली. रबरी जातीचा गोंद तेलाने फुगतो आणि बोटाने गोळे होऊन सुटतो. अॅक्रिलिक जातीचा तेलाला तितकी दाद देत नाही; त्याला औषधांच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल बरं, कापसाच्या बोळ्यावर घेऊन. निलगिरीचं तेल दोघांनाही चालतं, पण ते फक्त भाजलेल्या रंगावर. रॉकेल उत्तम, मिळालं तर. रेशनवर मिळायचं तसं ते आता सहज मिळत नाही. खरवडायला जुनं एटीएम कार्ड घ्या, ब्लेड नको.

टाकी गावातच पुन्हा रंगवलेली असेल तर सावध. खाऱ्या हवेमुळे अशा टाक्या आपल्याकडे पुष्कळ. जुन्या पद्धतीचा नायट्रोसेल्युलोजचा रंग थिनरमध्येच बनतो आणि थिनरमध्येच परत विरघळतो. टाकीच्या खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, जे लावणार आहात त्याचा बोळा अर्धा मिनिट धरा. बोळ्याला रंग लागला तर ते औषध या गाडीसाठी नाही.

प्लास्टिकचं प्रकरण याहून नाजूक. पॅनेल खोलून आतली बाजू पाहा, दोन बाणांच्या मध्ये अक्षरं कोरलेली असतात. एबीएस, पीपी, पीसी अशी. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, मडगार्डचं काळं न रंगवलेलं प्लास्टिक. ते सहसा कशालाच बधत नाही. एबीएसला अॅसिटोन आणि थिनर अक्षरशः विरघळवतात. पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट, पुढच्या दिव्याची काच, हेल्मेटचा वायझर. त्याला अॅसिटोन-थिनरने भेगा पडतात, पेट्रोलनेही पडू शकतात. या भेगा लगेच दिसत नाहीत हेच वाईट. स्क्रूच्या भोकाजवळ प्लास्टिकमध्ये आधीच ताण असतो. द्रव तिथे शिरतो आणि काही दिवसांनी केसासारखी चीर उमटते. एबीएस असं ताणलेल्या ठिकाणी तेलानेही तडकू शकतं, म्हणून प्लास्टिकवर खोबरेल रात्रभर ठेवू नका. दहा-पंधरा मिनिटं, मग साबणपाण्याने धुऊन टाका. मागच्या दिव्याचं लाल कव्हर आणि मीटरची काच पुष्कळदा अॅक्रिलिकची असते, तिला अल्कोहोलही नको. कोमट साबणपाणी आणि धीर.

आणि हेल्मेट. इथे आम्ही आवाज थोडा चढवणार आहोत. पोरं हेल्मेटवर स्टिकर लावतात, मग ते काढायला पेट्रोलचं फडकं घेतात. बऱ्याच हेल्मेटचं कवच एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटचं असतं. द्रवाने ते आतून कमकुवत झालं तरी वरून चकचकीतच दिसतं, आणि ते कळणार केव्हा, तर डोकं रस्त्यावर आपटेल तेव्हा. हेल्मेटच्या सूचनापत्रकात पेट्रोल आणि द्रावकं लावू नका असं लिहिलेलं असतं; ते कोणी वाचत नाही. हेल्मेटवरचा गोंद फक्त कोमट साबणपाण्याने आणि बोटाने काढायचा. नाही निघाला तर राहू द्या. गोंदाचा डाग असलेलं हेल्मेट डोकं वाचवतं.

आगीविषयीही बोलायला हवं. ड्रायर आणि पेट्रोल-थिनर एकाच वेळी कधीही नाही. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासच पेट घेण्याइतकी होते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. पडवीत गाडी आणि पलीकडे चूल, असं आपल्याकडे सर्रास असतं. ऊब द्यायचं काम आधी, टाकीचं झाकण घट्ट लावून, उघड्यावर. द्रव लावायचं काम नंतर, गाडी निवल्यावर, सावलीत. गॅरेजमधला डब्ल्यूडी-४० चा फवारा गोंदावर बरा चालतो, पण ब्रेकच्या डिस्कवर किंवा टायरवर त्याचा थेंब उडता कामा नये. फवारा फडक्यावर मारा, गाडीवर नव्हे. नंबरप्लेटला तर यातलं काहीच लावू नका. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीच्या झालेल्या पाट्यांवर प्रकाश परतवणारा पापुद्रा आणि होलोग्राम असतो, थिनरने दोन्ही जातात.

गोंद गेला का, हे पाण्याने कळतं. साबणाने धुऊन वरून पाणी सोडा. पाणी सगळीकडे सारखं पसरलं किंवा सारखं ओघळलं तर काम झालं. एखाद्या चौकोनात ते वेगळं वागलं तर तिथे गोंद किंवा तेल अजून आहे.

इतकं करूनही एक गोष्ट उरते, आणि ती पाहून लोक हिरमुसतात. स्टिकर गेला तरी नाव वाचता येतं! अक्षरांच्या जागी रंग गडद आणि भोवती फिका. यात चिकटलेलं काहीच नाही. आठ-दहा वर्षं उन्हाने भोवतीचा रंग उडवला आणि स्टिकरखालचा तेवढा वाचला. म्हणजे बिघडलेली आहे ती बाकीची टाकी, अक्षरं नव्हेत. लाल गाडीवर हे फार उठून दिसतं. रबिंग मारून भोवतालचा मेलेला थर थोडा काढता येतो, फरक कमी होतो, पण हात जपून. लॅकरचा थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. दोन-तीन वेळा दाबून रबिंग मारलं की तो संपतो. त्यापेक्षा वर्षभर तसंच वापरा. उघडा पडलेला भागही उन्हाने हळूहळू भोवतीच्या रंगाकडे सरकतो. शेवटी मेणाचं पॉलिश लावा, खाऱ्या हवेसाठी ते हवंच.

एक प्रश्न अशा बोलण्यानंतर हमखास येतो, म्हणून आधीच घेतो. वडील गेले, त्यांची गाडी मुलाकडे आली, टाकीवर वडिलांनी हौसेने करून घेतलेलं नाव आहे. गाडी रंगवायची आहे, नाव टाकवत नाही. ते अखंड काढून ठेवता येईल का? खरं सांगायचं तर बहुधा नाही. विनाइल मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य घातलेलं असतं, वर्षानुवर्षांच्या उन्हात ते निघून जातं, आणि पापुद्रा नखाएवढ्या तुकड्यांनीच सुटतो. नवं असेल, दोन-तीन वर्षांचं, तर रेडियमवाल्याकडची वरून लावायची पट्टी चिकटवून, ऊब देऊन, अक्षरं त्या पट्टीबरोबर उचलता येतात. जुनं असेल तर आधी टाकीवर बटर पेपर ठेवून पेन्सिलने अक्षरांच्या कडा जशाच्या तशा उतरवून घ्या, वेलांटीचा वाकडेपणा असेल तर तोही. टाकीच्या कडेपासून अंतर मोजा, फोटो काढा. त्या कागदावरून रेडियमवाला तीच अक्षरं पुन्हा कापून देतो. नव्या रंगावर ती लगेच लावू नका, रंग पूर्ण वाळायला रंगारी सांगेल तेवढे आठवडे जाऊ द्या. कागद घडी न घालता गुंडाळून ठेवा, आणि मगच ड्रायर हातात घ्या.